इंदूरहून ग्वाल्हेर: गाणं ऐकायला निघालेल्यांसाठी चार दिवसांचा बेत

ग्वाल्हेरची सहल किल्ल्यापासून आखायला घेतली की फसते. सकाळी किल्ला, दुपारी जयविलास, मग राणी लक्ष्मीबाईंची समाधी, सूर्यमंदिर, परतताना महाराज बाड्यावर खरेदी. संध्याकाळी सातला हजिऱ्याला, तानसेन समारोहाच्या मांडवात तंबोरे जुळत असतात आणि आपली मंडळी मागच्या खुर्च्यांवर डोळे मिटून बसलेली. शेजारच्याला वाटतं, काय तल्लीन झालेत!

म्हणून इथे बेत उलट्या टोकाने आखला आहे. आधी कुठली सभा, म्हणजे समारोहातली कुठली बैठक, ऐकायची ते ठरवायचं आणि बाकीचं सगळं तिच्या आगेमागे बसवायचं. प्रसंग तानसेन समारोहाचा, म्हणजे ग्वाल्हेरला भरणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाचा. गाडी घरची, मंडळी चार, निघायचं इंदूरहून. रागदारी फारशी न ऐकलेल्यांनाही झेपेल असाच हा बेत आहे. खरं तर त्यांच्यासाठीच आहे, कारण जाणकारांना कोणी रस्ता सांगावा लागत नाही.

आधी तारखा, मग सुट्ट्या

समारोह डिसेंबरात असतो. नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आठवणीवर रजा टाकू नका. भोपाळची उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत एवं कला अकादमी हा समारोह भरवते. तिचं पत्रक निघालं की त्यात कोण कलाकार कुठल्या सभेत आहे ते कळतं. प्रवेशाला तिकीट नसतं. १९२४ साली शिंद्यांच्या ग्वाल्हेरात तानसेनाच्या उरुसाच्या निमित्ताने हे सुरू झालं आणि २०२४ साली शंभरावा समारोह झाला.

सगळे दिवस थांबणं नोकरदारांना जमत नाही. तेव्हा दोनपैकी एक निवडा: सुरुवातीचे दोन दिवस किंवा शेवटचे दोन. सुरुवातीला समाधीवरची पारंपरिक सकाळ आणि तानसेन अलंकरण या पुरस्काराचा सोहळा मिळतो. शेवटी तानसेनाच्या जन्मगावची, म्हणजे बेहटची सभा आणि किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालातली समारोपाची सभा मिळते. पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसाने सुरुवात निवडावी असं माझं मत आहे. कारण पुढे येईलच. पत्रकात आवडत्या कलाकाराचं नाव शेवटच्या दिवशी असेल तर मात्र माझं ऐकू नका.

खोल्या तारखा कळताक्षणी धरा. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लग्नं असतात. सोळाच्या सुमारास धनुर्मास लागला की तिकडे लग्नं थांबतात आणि हॉटेलवाले जरा माणसात येतात.

माणसं

चौघं पुरे. पाचवा घेतला तर दहा तास मागच्या सीटवर मधे कोण बसणार यावरून ब्यावरापर्यंत दोस्ती तुटते. चौघांपैकी किमान दोघांना महामार्गावर गाडी चालवता यायला हवी. एक जण गाण्यातला असला तर उत्तम. मात्र प्रत्येक तानेला राग, थाट, घराणं समजावून सांगणारा नको. त्यापेक्षा एक खाण्यातला माणूस घ्या, तो जास्त उपयोगी पडतो.

निघण्याआधी एक गोष्ट बोलून ठेवा: ज्याला सभेतून उठायचं असेल त्याने उठावं, ऑटो धरून खोलीवर जावं, आणि त्याबद्दल कोणी कोणाला टोमणा मारू नये. एकाच्या कंटाळ्यापायी चौघांना उठावं लागलं की सगळ्यांचा विरस होतो. ही बोली आधी झालेली असेल तर कंटाळणाराही बहुतेक वेळा शेवटपर्यंत बसतो.

कपड्यांचं इंदुरी अंदाजाने करू नका. ग्वाल्हेरचा डिसेंबर चांगलाच बोचरा असतो, आणि सभा मांडवात असली तरी तो मांडव चारी बाजूंनी बंद खोली नसतो. आतून गरम बनियन, जाड मोजे, कानटोपी. मफलर कानावरून घेतला तर गाणं ऐकू येत नाही, तेव्हा टोपी अशी घ्या जी वर सरकवता येईल. माणशी एक शाल आणि चौघांत एक मोठा थर्मास.

रस्ता

अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. इंदुरात ज्या एबी रोडवर आपण रोज अडकतो तो हाच, आग्रा-मुंबई मार्ग, आपण फक्त त्याच्या आग्र्याकडच्या तोंडाला लागायचं. देवास, मक्सी, शाजापूर, सारंगपूर, पचोर, ब्यावरा इथवर तो राष्ट्रीय महामार्ग ५२ आहे. ब्यावराला भोपाळकडून येणारा ४६ क्रमांकाचा महामार्ग मिळतो. तिथून त्याच्यावरून गुना, कोलारस, शिवपुरी, मोहना करत ग्वाल्हेर. थांबे धरून नऊ-दहा तास धरा. सकाळी सहाला इंदूर सोडलं तर चार-पाचच्या सुमारास पोचता, उजेडात. तेच हवं.

फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा, टोलनाके बरेच आहेत. रस्ता बहुतांश चांगला आहे, म्हणूनच डोळ्यावर झापड येते. गावांच्या आसपास ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागचा दिवा नसताना चालतात आणि कधीकधी उलट्या बाजूने येतात. गुनाच्या पुढे जनावरं रस्त्यावर बसलेली सापडतात. आणि धुकं. मालव्यात आपल्याला धुक्याची सवय नसते. शिवपुरी-ग्वाल्हेर पट्ट्यात ते पडलं की समोरचा ट्रक अगदी जवळ आल्यावरच दिसतो. अशा वेळी दिवे खालच्या झोतावर ठेवा, वरच्या झोताने समोर पांढरी भिंतच उभी राहते. फार दाट झालं तर ढाब्यावर थांबून चहा प्यायचा. चारही दिवे लुकलुकवत पुढे रेटणारे बघून तसं करू नका.

गाडीत काय लावायचं यावर वाद होणारच. मी म्हणेन, ज्यांना प्रत्यक्ष ऐकणार आहात त्यांची ध्वनिमुद्रणं आठ दिवस आधीपासून बंद करा, म्हणजे मैफलीत कान कोरे राहतात. त्याऐवजी ग्वाल्हेर गायकीची जुनी माणसं ऐका: कृष्णराव शंकर पंडित, शरच्चंद्र आरोलकर, दत्तात्रेय विष्णु पलुसकर, मालिनी राजूरकर. मालिनीबाईंचा टप्पा (हा एक गानप्रकार) जेवणानंतर लावा. त्यातल्या आवाजाच्या उड्या ऐकताना चालवणाऱ्याला झोप येणं शक्य नाही. उस्ताद अमीर खाँ आपल्या इंदूरचे, त्यांचा अभिमान आहेच, पण त्यांचा अतिविलंबित, म्हणजे फार संथ लयीतला ख्याल दुपारी दोन वाजता पोट भरलेल्या ड्रायव्हरला ऐकवू नये. तो मुक्कामाच्या खोलीत.

देवासला थांबा, पण कशासाठी ते माहीत असू द्या

इंदूर सोडून तासभरही झालेला नसताना थांबायचं कशाला, असं कोणीतरी विचारेल. पोह्यांसाठी, हे पहिलं उत्तर. त्यानंतर पाचशे किलोमीटर असे पोहे नाहीत. दुसरं उत्तर टेकडीच्या पायथ्याशी आहे. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आले. गाणं बंद, बोलणंही बेतानंच. त्या अंथरुणावरून त्यांच्या कानावर मालव्याची लोकगीतं पडत राहिली. बरे होऊन ते पुन्हा गायला लागले तेव्हा ती लोकगीतं आणि माळव्यातली निर्गुणी भजनं त्यांच्या गाण्यात उतरलेली होती. १९९२ साली गेले तोवर ते देवासलाच राहिले. त्यांच्याआधी गवई उस्ताद रजब अली खाँ याच गावचे. पवारांच्या दोन पात्यांत, म्हणजे शाखांत, वाटलेल्या एवढ्याशा संस्थानाने एवढं गाणं पोसलं.

कुमारजींचं घर ‘भानुकुल’ हे राहतं घर आहे, प्रेक्षणीय स्थळ नाही. रस्त्यावरून बघा, नमस्कार करा, निघा. सकाळी सातला कोणाच्या दाराची बेल वाजवून ‘आम्ही इंदूरहून आलोत’ म्हणणं बरं नव्हे.

पुढे सारंगपूरला काली सिंध नदी लागते. रूपमती इथलीच असं मानतात, आणि तिचा प्रियकर, माळव्याचा सुलतान बाजबहादूर, स्वतः नावाजलेला गाणारा होता. थांबायलाच हवं असं नाही, गाडीत गोष्ट सांगायला पुरते. शिवपुरीला मात्र वेळ असेल तर अर्धा तास काढा. तात्या टोप्यांना १८ एप्रिल १८५९ रोजी इथे फाशी दिलं. शिंद्यांच्या संगमरवरी छत्र्याही इथेच आहेत, आणि चहाही बरा मिळतो. शिवपुरीपासून ग्वाल्हेर सव्वाशे किलोमीटरच्या आत.

मुक्काम कुठे

ग्वाल्हेर म्हणजे तीन गावं: किल्ल्याखालचं जुनं ग्वाल्हेर, मुरार आणि लश्कर. समारोह जुन्या ग्वाल्हेरातल्या हजिरा भागात होतो, आणि तुम्हाला खाणं, गल्ल्या, मराठी पाट्या हव्या असतात त्या लश्करात. म्हणून मधे राहावं: स्टेशन, पडाव, फूलबाग या पट्ट्यात. इथून दोन्हीकडे ऑटो सहज मिळतात. गाडी हॉटेलच्या आवारात लावली की परत निघेपर्यंत तिला हात लावायचा नाही. (किल्ला आणि बेहट हे दोनच अपवाद.) हजिऱ्याला सभेच्या वेळी गाडी लावायला जागा शोधण्यात पहिला कलाकार निघून जातो, आणि लश्करच्या गल्ल्यांत मोठी गाडी घालणाऱ्याला तिथले लोक काय म्हणतात ते ऐकण्यासारखं नसतं.

रात्री सभा उशिरापर्यंत लांबते. थंडीत रिकामा ऑटो शोधण्यापेक्षा जाताना ज्याने सोडलं त्याच्याशीच परतीचं ठरवून त्याचा नंबर घ्या.

पोचलेल्या संध्याकाळी समारोहाचा पूर्वरंग असेल, ‘गमक’ नावाचा, तर थोडा वेळ जाऊन या. हजिऱ्यालाच इंटक मैदानावर होतो. सूफी, सुगम असं असतं. दिवसभर गाडी चालवलेल्या कानांना एवढंच पचतं. पण दहाला झोपा.

पहिली सकाळ: समाधीवर

हीच ती सकाळ जिच्यासाठी मी सुरुवातीचे दिवस निवडा म्हटलं. समारोहाचा औपचारिक आरंभ संध्याकाळी होतो, पण परंपरेचा आरंभ सकाळी तानसेनाच्या समाधीपाशी होतो. आधी सनई. मग ढोलीबुवा महाराजांच्या मठाची हरिकथा. मग मौलवी मिलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तवन, वाचतात, चादर चढते. हे सगळं एकाच आवारात, एकामागून एक, कोणालाही त्यात काही वेगळं वाटत नाही. ढोलीबुवांचा मठ लश्करातला, शिंद्यांबरोबर आलेल्या मराठी परंपरेतला. नारदीय कीर्तनाची ती चाल कानावर आली की इंदूर-पुण्याच्या माणसाला आपलं काहीतरी अनपेक्षित जागी भेटल्यासारखं होतं. गर्दी संध्याकाळच्या मानाने फार थोडी असते. पुढे बसा.

आवारात शिरताना समोर दिसते ती भव्य इमारत तानसेनाची नाही. ती सूफी संत मुहम्मद गौस यांची. तानसेनाची समाधी तिच्या बाजूला, उघड्यावर, खांबांच्या छोट्या मंडपाखाली. नवखे लोक मोठ्या इमारतीसमोर तानसेन समजून फोटो काढतात आणि निघून जातात. गौसांच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या मात्र आतून बघाव्यात, सकाळी ऊन तिरपं असताना.

समाधीजवळ चिंचेचं झाड आहे. त्याचा पाला खाल्ला की गळा गोड होतो अशी समजूत. मूळ झाड गवयांनी ओरबाडून ओरबाडून संपवलं असं म्हणतात, आत्ताचं नंतरचं आहे. तुम्ही खाली पडलेलं पान उचला. सर्दी झालेल्या मित्राला देऊ नका.

तानसेन जन्मला बेहटला. रीवाच्या राजा रामचंद्रांच्या दरबारात वाढला आणि १५६२च्या सुमारास अकबराकडे गेला. मियाँ की तोडी, मियाँ की मल्हार, दरबारी कानडा हे राग त्याच्या नावावर आहेत. संध्याकाळच्या सभेत यांतला एखादा कोणीतरी गाईलच. नाव ऐकलं की सकाळचा हा छोटा मंडप आठवा, एवढी पूर्वतयारी पुरेशी आहे.

संध्याकाळची सभा: कुठे बसायचं, काय ऐकायचं

वेळेआधी अर्धा तास पोचा. मंच दरवर्षी एखाद्या जुन्या वास्तूच्या धर्तीवर उभारतात, तो बघायलाही वेळ मिळतो. अगदी पुढच्या रांगा पाहुण्यांच्या असतात. त्यांच्या मागे, थोडं डावीकडे किंवा उजवीकडे बसा. मोठ्या स्पीकरच्या तोंडाशी बसू नका, तिथे तबल्याचा बायाँच, म्हणजे डग्गाच, ऐकू येतो. ज्याला मधे उठायचं असेल त्याने कडेला बसावं. उठायचं ते दोन कलाकारांच्या मधे. निदान एक बंदिश संपून दुसरी सुरू होताना. गाणारा विलंबितात, म्हणजे संथ लयीत, सम (तालाची पहिली मात्रा) गाठत असताना चौघांनी शाली झटकत उभं राहणं हा खरोखर अपराध आहे.

सभेची सुरुवात स्थानिक संगीत विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या ध्रुपदाने, म्हणजे ख्यालाहून जुन्या गायनप्रकाराने, होते. लोक त्या वेळी गप्पा मारतात, चहा घेतात. तुम्ही तसं करू नका, कारण नवख्या कानाला धरून ठेवायला यापेक्षा सोपी जागा नाही. ध्रुपद बहुधा चौतालात, बारा मात्रांत. तबल्याऐवजी पखवाज. सगळे मिळून गातात त्यामुळे शब्द आणि ताल दोन्ही ठळक. बारा मोजत राहा, पुन्हा एक आला की मांडीवर बोट. चार-पाच आवर्तनांत सम तुमच्या हाताला लागते. एकदा ती लागली की पुढच्या ख्यालात तबलजी आणि गायक कुठे भेटणार आहेत याची वाट बघता येते. त्या वाट बघण्यातच निम्मं गाणं आहे.

ग्वाल्हेरची गायकी नवख्याला जवळची वाटते, कारण ती बंदिश लपवत नाही. अस्ताई-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन भाग, आधी सरळ, पुरे मांडायचे. मग त्याच शब्दांवर आलाप, बोलआलाप, बोलताना, सपाट ताना. विलंबितही फार संथ नसतं. मोकळा खुला आवाज, ओळखीचे राग. अष्टांग गायकी असा शब्द कोणी वापरला तर घाबरू नका, गाण्याची ही सगळी अंगं एका ख्यालात आली पाहिजेत एवढाच आग्रह त्यामागे आहे. समारोहात येणारे सगळे ग्वाल्हेरचे नसतात, देशभरातले असतात, वाद्यवादन भरपूर असतं. तरी कानाला एक मोजपट्टी असली की बाकीच्यांचा वेगळेपणा कळतो.

दाद द्यायला लाजू नका, पण शेजारच्या जाणत्या आजोबांच्या पाठोपाठ द्या. ग्वाल्हेरचे जुने श्रोते ‘क्या बात’ कुठे म्हणतात ते ऐकणं हाही एक अभ्यास. मोबाईलवर अख्खा राग चित्रित करणारे प्रत्येक रांगेत असतात. त्यातला पडदा तुमच्या डोळ्यांसमोर उजळला तर खांद्यावर हलकी टिचकी मारायला हरकत नाही. ‘भाईसाहब, ज़रा नीचे कर लीजिए’ एवढं पुरतं.

शेवटचा कलाकार बहुधा सर्वात मोठा असतो आणि तोवर थंडी हाडात शिरलेली असते. शाल आणि थर्मास इथे कामी येतात.

मधली दुपार: लश्करच्या गल्ल्या

सकाळची सभा दुपारपर्यंत चालते. त्यानंतर जेवून झोपण्याचा मोह होईल. तासभर झोपाच, संध्याकाळ मोठी आहे. उरलेले दोन तास लश्कराला द्या.

१८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी इथे फौजेचा तळ टाकला, तोच लश्कर. महाराज बाड्यावर ऑटो सोडा आणि पायी फिरा. शिंदे की छावणी, फालके बाजार, पाटणकर बाजार, दौलतगंज, जीवाजीगंज. पाट्या हिंदी, आडनावं आपली. दारावर बेल वाजली तर आतून मराठी येईल, जराशी हिंदीच्या चालीवर हेलकावणारी. ती ऐकून हसू नका. आपली इंदुरी मराठी पुण्यात कशी वाजते ते आठवा.

या गल्ल्यांत ख्याल मराठी झाला. हद्दू खाँ, हस्सू खाँ, नत्थू खाँ हे शिंद्यांच्या पदरचे गवई. हद्दू-हस्सूंनी बडे मुहम्मद खाँची तानबाजी पडद्याआड बसून ऐकून उचलली, अशी गोष्ट गवयांत सांगतात. त्यांचे शिष्य बघा: वासुदेवबुवा जोशी, आणि वासुदेवबुवांकडे पायपीट करत शिकायला आलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. बुवा हा ख्याल घेऊन महाराष्ट्रात उतरले, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर, आणि पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आज पुण्या-मुंबईत कोणी मुलगी क्लासला जाऊन ख्यालाची पहिली बंदिश शिकते तेव्हा तिचा धागा बहुधा या गल्ल्यांपर्यंत येतो. दुसरीकडे इथेच राहिलेलं पंडित घराणं. उस्ताद निसार हुसेन खाँ शंकरराव पंडितांच्या घरी राहत असत. एका ब्राह्मण वाड्यात खाँसाहेब कायमचे पाहुणे, आणि त्या काळात. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव, ज्यांना तुम्ही गाडीत ऐकलंत, त्यांनी १९१४ साली इथे संगीत विद्यालय काढलं, पुढे ते शंकर गांधर्व महाविद्यालय झालं. चार वर्षांनी, १९१८ साली, माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने भातखंड्यांनी माधव संगीत महाविद्यालय उभं केलं. दोन्ही शाळा एकाच गावात, थोड्या वेगळ्या वाटांच्या. सभेच्या सुरुवातीला ध्रुपद गाणारी मुलं अशाच शाळांतून आलेली असतात.

जीवाजीगंजात सरोदघर आहे. सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांचं वडिलोपार्जित घर, आता वाद्यांचं संग्रहालय. त्यांचे चिरंजीव अमजद अली खाँ १९४५ साली ग्वाल्हेरातच जन्मले. जुन्या उस्तादांची वाद्यं काचेआड बघून मग संध्याकाळी सरोद ऐकण्यात मजा आहे. उघडं असल्याची खात्री सकाळीच करून घ्या.

खाण्यातल्या मित्राचा हा प्रांत. सकाळी बेढई (डाळीचं सारण भरलेली पुरी) आणि बटाट्याची रस्सेदार भाजी, बरोबर जिलेबी. नया बाजारात बहादुराचे लाडू: दुकानाला रंगरूप नाही, लाडूंना आहे. थंडीत गजक, म्हणजे तीळ-गुळाची खुसखुशीत मिठाई, सगळीकडे, मुरैन्याची म्हणून विकतात. पोहे मागवून ‘आपल्यासारखे नाहीत’ असं म्हणण्यात सकाळ घालवू नका. नाहीतच.

किल्ला

दुसऱ्या दिवशी सकाळची सभा सोडायची ठरवलीत, किंवा शेवटच्या दिवशी निघण्यापूर्वी, तर किल्ला. गाडी उरवाई दरवाजाने वर जाते. वाटेत कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत, तिथे उतरा. वर मानमंदिर हा राजवाडा, सासबहू आणि तेली का मंदिर ही देवळं. गाण्याच्या दृष्टीने बघण्यासारखं ते मानमंदिर: राजा मानसिंह तोमरने (१४८६ ते १५१६) ध्रुपदाला दरबारी मान दिला, ब्रज बोलीत पदं रचवली. तानसेनाच्या आधी इथे एवढी जमीन नांगरलेली होती. चतुर्भुज मंदिरात ८७६ सालचा शिलालेख आहे, त्यात शून्य आकडा म्हणून कोरलेलं आहे. गाण्याशी त्याचा संबंध नाही, पण इतक्या जवळ येऊन ते न बघता जाणं चुकीचं.

खाली गुजरी महालातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, जयविलास बुधवारी. जयविलासची झुंबरं मोठी आहेत हे खरं. वेळ कमी पडला तर मी तेच वगळेन.

बेहट, जर शेवटचे दिवस निवडले असतील

ग्वाल्हेरपासून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. सभा सकाळची, तेव्हा धुकं धरून वेळ ठेवा. झिलमिल नदीच्या काठी महादेवाचं देऊळ आहे. ते एका अंगाला झुकलेलं आहे, तानसेनाच्या स्वरामुळे झुकलं असं गावकरी सांगतात. इथला श्रोता हजिऱ्याचा नाही. शेतातून आलेली माणसं, पदर घेतलेल्या बायका, शाळेची पोरं. कोणी मोजूनमापून दाद देत नाही आणि कोणी मधेच उठूनही जात नाही. खायला फारसं काही मिळत नाही, बरोबर घ्या.

परतताना

आदल्या रात्रीची सभा कितीही रंगली तरी पहाटे पाचला निघण्याचा पराक्रम करू नका. धुक्यात गाडी चालवायची आणि झोप झालेली नसायची, हे दोन्ही एकत्र नको. नऊला निघा. संध्याकाळी आठपर्यंत इंदूर येतं. गजक निघताना घ्या, आधी घेतली तर खोलीतच संपते. गुनाच्या पुढे कुंभराजचा पट्टा धण्यांसाठी नावाजलेला आहे. बिनागंजच्या आसपास मिळाले तर घरच्यांसाठी किलोभर घ्या, चार दिवस घर सोडून गाणं ऐकल्याची थोडी भरपाई होते.

पेट्रोल, टोल, खोल्या, लाडू यांचा हिशोब ब्यावराच्या चहाला मिटवा. देवास आलं की ज्याला त्याला आपापलं घर दिसायला लागतं, आणि मग पुढच्या डिसेंबरपर्यंत कोणाकडे किती निघतात ते कोणालाच आठवत नाही.